तेजोमंडळाची हद्द

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या सेक्टरांतून लोक मारुत्या भरभरून आले होते. मधल्या हिरवळीवरून भूमितेज महाराज अनवाणी चालत होते. दोन्ही मुठींत तांब्याच्या काटकोनी तारा, पिस्तुलं धरावीत तशा पुढे रोखलेल्या. मागून माणसं श्वास रोखून चालत होती. निलगिरीच्या झाडापाशी महाराज थबकले. तारा थरथरल्या, हळूहळू आत वळल्या आणि त्यांची फुली झाली.

"जय भूमितेज!" गर्दी ओरडली.

"यहाँ से अंदर तेज है!" महाराज डोळे मिटूनच म्हणाले. "अर्थ मॅग्नेटिक! अमेरिका में इसी पर रिसर्च चल रही है. हमारे ऋषि तो कब का कर चुके."

मागे एक माणूस फक्कीची बादली घेऊन तयारच होता. त्यानं तिथून पांढरी रेषा ओढायला सुरुवात केली. रेषा ए ब्लॉकला वळसा घालून आली, बी ब्लॉक अर्धा कापत गेली आणि आमच्या गल्लीत शिरली. समोरचं मयुराचं घर आत गेलं. आमचं बाहेर राहिलं.

माझी बायको देवयानी आमच्या फाटकात उभी होती. रेषेकडे तिनं क्षणभर पाहिलं आणि फाटक आपटून घरात निघून गेली. तिचं हे आपटणं मी ओळखतो. आग लागली होती.

सत्याण्णव सालची ही गोष्ट. नोएडा तेव्हा झपाट्यानं वाढत होतं. कालपर्यंत जिथं मोहरीची शेतं होती तिथं आज सोसायटीचं फाटक आणि उद्या केबल टीव्ही. सगळेच नवे, सगळेच कुठून तरी आलेले, आणि शेजाऱ्यानं काय घेतलं यावर प्रत्येकाची नजर. मी पुण्याहून इथल्या टीव्हीच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आलेला. मयुराचा नवरा अनिश कॉम्प्युटर कंपनीत, महिन्यातले निम्मे दिवस बंगलोरला. मयुरा आणि देवयानी दोघी सांगलीच्या, शाळेत एका बाकावर बसलेल्या. योगायोगानं नोएडात समोरासमोर राहायला आल्या, तेव्हा दोघींनी गल्लीत एकमेकींना मिठ्या मारल्या होत्या.

मग मुलांच्या शाळेची भानगड झाली. दिल्लीतल्या एका बड्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला त्यांची मुलगी कादंबरी आणि आमचा प्रतीक दोघं बसले. कादंबरीला प्रवेश मिळाला, प्रतीकला नाही. रोज सकाळी कादंबरी कोट-टाय घालून पिवळ्या बसमध्ये चढायची, आणि देवयानी खिडकीचा पडदा सारून बघत राहायची. मी म्हणायचो, "अगं, कशाला बघतेस?" ती म्हणायची, "बघत कुठं आहे? पडदा झटकतेय."

महाराजांनी तेजोमंडळ आखताना पहिला पुरावा दिला तो कादंबरीचाच. मंडळातल्या कुणाला बढती मिळाली होती, कुणाचा मुलगा इंजिनियरिंगला लागला होता, कुणाच्या सुनेला दिवस गेले होते. हे सगळं महाराज येण्याआधीच घडून गेलं होतं. पण महाराज म्हणाले, तेज आधीपासून होतंच, मी फक्त दाखवलं! आता यावर कोण काय बोलणार?

दर रविवारी दर्शन सुरू झालं. मंडळाबाहेरच्या लोकांना माईकसमोर बोलावलं जायचं. "बताओ बेटा, क्या दुःख है?" कुणी सांगे नोकरी गेली, कुणी सांगे सासू अंथरुणाला खिळली. महाराज मान हलवत म्हणायचे, "देखा? बाहर है ना!" आणि आतल्यांना मात्र सक्त ताकीद होती. "अंदरवाले दुःख ज़बान पर न लाएँ. एक बोला, तो सबका तेज टूटा." त्यामुळे आतलं कुणीही भेटलं की एकच उत्तर, "सब बढ़िया है जी."

महाराजांच्या शेजारी कायम एक प्रॉपर्टी डीलर असायचा, खन्ना. दर्शन संपलं की तो बाहेरच्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. "आपका भी कुछ करते हैं, भाईसाहब. अंदर एक-दो मकान खाली हैं."

एका संध्याकाळी मी घरी आलो तर खन्ना आमच्या दिवाणखान्यात चहा पीत बसलेला. तो गेल्यावर देवयानी म्हणाली, "आपण हे घर विकू या."

"आणि?"

"आत घेऊ. थोडं कर्ज होईल."

"त्या तारांवर तुझा विश्वास आहे?"

"माहीत नाही." तिनं खन्नाचा कप उचलला. "पण तिचंच सगळं का होतं, सुजय? शाळा तिची. अनिशची गाडी नवी. परवा भेटली तर म्हणते, कादंबरी शाळेच्या कॅम्पला मसुरीला गेलीय, चांगली महिनाभर. मसुरी! आपला प्रतीक इथं धुळीत क्रिकेट खेळतोय. एका बाकावर बसायचो आम्ही. माझ्या वहीतली गणितं उतरवायची ती!"

यावर तर्कशास्त्र चालत नाही. मी माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला.

अहिल्याताई दिल्लीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची आणि तिथल्याच रिज टेकडीवर, हिंदूराव इस्पितळाच्या बाजूला, राहायची. दोन बस बदलून ती रविवारी आली. महाराजांचं दर्शन तिनं शेवटच्या रांगेत उभं राहून पूर्ण पाहिलं. मग ती फक्कीच्या रेषेवरून सगळ्या सोसायटीला एक फेरी मारून आली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "याला वर्तुळ म्हणतात? पहिल्यांदा भाकरी थापणाऱ्या पोरीची भाकरीसुद्धा याहून गोल असते."

"म्हणजे?" देवयानीनं विचारलं.

"सी ब्लॉकमध्ये रेषेची ही जीभ कशाला बाहेर आलीय? त्या टोकाला कोण राहतं?"

"भार्गव. त्यांचा मुलगा आयआयटीला लागला."

"आणि ए ब्लॉकमध्ये हा खड्डा पडलाय तिथं?"

"तिथं... तिथल्या काकांना मागच्या वर्षी ट्रकनं उडवलं."

"बघ. सुखाला आत ओढलंय आणि दुःखाला बाहेर ढकललंय. आधी बातम्या गोळा केल्या, मग रेषा काढली. बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती लक्ष्य रंगवलं, तर नेम चुकेल कसा?"

देवयानीला पटलं नाही. "पण ताई, तुम्हीच म्हणता ना, जागेजागेत फरक असतो?"

"असतो ना. खूप असतो. तोच तर माझा धंदा." ताई हसली. "पण फरक आहे असं म्हणायचं तर सगळीकडे सारखंच विचारावं लागतं. इकडे फक्त सुख विचारायचं, तिकडे फक्त दुःख, हा फरक जमिनीतला नाही, विचारणाऱ्याचा आहे. देवयानी, घर विकायच्या आधी एक काम करशील? प्रत्येक घरी जायचं. आतल्या आणि बाहेरच्या. दोनच प्रश्न. वर्षभरात चांगलं काय झालं, वाईट काय झालं."

"मला बाकीच्या घरांशी काही देणंघेणं नाही," देवयानी एकदम बोलून गेली. "मला फक्त एकदा बघायचंय, तिच्या घरात माझ्यापेक्षा नेमकं काय जास्त आहे!"

मला वाटलं ताई रागावेल. ती म्हणाली, "उत्तम. मत्सर तर मत्सर, कामाला लाव त्याला. पण मोजायचं तर सगळी घरं. फक्त तिचं मोजलंस तर तू आणि महाराज सारखेच."

सोसायटीचा नकाशा ऑफिसच्या भिंतीवर होता. त्याची मोठी प्रत काढून आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरली आणि महाराजांची रेषा तिच्यावर पेन्सिलीनं उतरवली. देवयानीनं आपल्या टिकल्यांची पाकिटं आणली. चांगल्या बातमीला लाल टिकली, वाईट बातमीला काळी. ती दुपारभर फिरायची आणि संध्याकाळी टिकल्या लावायची. बाहेरच्या भागात लाल-काळं मिसळून येत होतं. आम्ही ज्यांना कायम रडके समजत होतो त्यांच्याकडेही लग्नं होती, बढत्या होत्या. माईकवर त्यांना ते कुणी विचारलंच नव्हतं. रेषेच्या आत मात्र नुसतं लालच लाल.

"काय म्हणतात आतले?" मी विचारलं.

"सब बढ़िया है जी," देवयानी दात ओठ खात म्हणाली.

मयुराचं घर तिनं शेवटपर्यंत टाळलं होतं. गुरुवारी ती गेली. काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं, थांबत थांबत.

मयुरानं दार अर्धंच उघडलं. "ये गं देवू. पण मी जरा गडबडीत आहे."

"दोनच मिनिटं. सगळ्यांना विचारतेय. वर्षभरात चांगलं काय झालं?" आणि मग, विचारायचं ठरलं नव्हतं तरी, ती बोलून गेली, "म्हणजे मसुरी तर लिहायलाच हवी. कशी आहे कादंबरी? बर्फ-बिर्फ पाहिला की नाही?"

मयुरा हसली. ते हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. "मजेत आहे."

"आणि वाईट काय झालं?"

"काही नाही. सब बढ़िया."

तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी उलटी केल्याचा आवाज आला. मग बारीक हाक आली, "आई..."

देवयानी मयुराला बाजूला सारून आत गेली. पडदे ओढलेल्या खोलीत पलंगावर कादंबरी पडली होती. गालफडं बसलेली. तिनं डोळे उघडले तर डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. उशाशी तांब्याची कळशी होती, तिला लाल धागा बांधलेला.

"किती दिवस?"

मयुरा भिंतीला टेकून खाली बसली. "बरेच झाले. महाराज म्हणाले डॉक्टरकडे नेलंत तर बभ्रा होईल, सगळ्यांचं तेज तुटेल. रोज हे मंतरलेलं पाणी द्या."

"हे पाणी कुठलं?"

"कुठलं म्हणजे? मंडळातल्याच नळाचं. न उकळता द्यायचं, उकळलं की तेज जातं म्हणे." ती हुंदके द्यायला लागली. "अनिशला फोनवर सांगितलं, नुसता ताप आहे. कुणाला सांगू गं? बाहेरचं कुणी आमच्याशी धड बोलत नाही. तुम्ही सगळे आमच्यावर जळता. तू तर तोंड फिरवून जातेस."

देवयानीनं मला सांगितलं, "सुजय, मी तिथं उभी होते ना, तेव्हा पहिल्यांदा क्षणभर मला बरं वाटलं. तिचंही असं काहीतरी आहे, म्हणून. मग त्या पोरीनं मला 'मावशी, पाणी' म्हटलं."

तिनं ती कळशी मोरीत ओतली. मी कारखान्यातून येईपर्यंत दोघींनी कादंबरीला रिक्षातून डॉक्टरकडे नेलंही होतं. कावीळ. डॉक्टरीणबाई मयुरावर संतापल्या, मग नरमल्या. पोरीच्या अंगातलं पाणी कमी झालं होतं, सलाइन लावावं लागलं. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. "आता पाणी फक्त उकळून. आणि ऐका, तुमच्याच सोसायटीतून माझ्याकडे आणखीही पोरं येतायत."

बाहेर येऊन मयुरा देवयानीला म्हणाली, "आमच्या मंडळातही आहेत अशी आजारी पोरं. शेजारच्या सरलामावशींचा नातू 'आजोळी' गेलाय ना, तो घरातच आहे. आणि कोपऱ्यावरच्या घरातली दोन्ही."

दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन कादंबरीजवळ बसलो आणि त्या दोघी बरोबर फिरल्या. मयुरा पुढे, देवयानी मागे. मयुरा दारात उभी राहून आधी स्वतःचं सांगायची. मग समोरची बाई इकडेतिकडे बघून दार लावून घ्यायची आणि बोलायला लागायची. नवऱ्याची नोकरी, सासऱ्यांचं दारूचं व्यसन, मोडलेलं लग्न. संध्याकाळपर्यंत रेषेच्या आतही काळ्या टिकल्या लागल्या. पुसट झालेली रेषा कुठून जाते हे टिकल्यांकडे बघून कुणालाही सांगता आलं नसतं. सुखदुःख इकडे होतं तसंच तिकडे होतं.

काविळीसाठी देवयानीनं पिवळ्या टिकल्या घेतल्या. त्या मात्र सगळीकडे पसरल्या नाहीत. बी ब्लॉकमध्ये, मयुराच्या घरामागच्या गल्लीत, एका ओळीत त्या दाटीनं बसल्या. ओळीचा अर्धा भाग मंडळाच्या आत, अर्धा बाहेर.

शनिवारी आलेल्या ताईनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. "हा फरक खरा असू शकतो. मागच्या गल्लीतून काय जातं?"

"पाण्याची लाइन," मी म्हणालो. "आणि तिला लागूनच गटार."

रविवारी बागेत पुन्हा तीच गर्दी. महाराजांच्या तारांची फुली झाली, जयजयकार झाला. ताई उठून पुढे गेली आणि हिंदीत बोलू लागली.

"महाराज, त्या तारा जरा देता का?"

महाराजांनी हात मागे घेतला. "बहनजी, ये साधना से चलती है."

"नाही दिल्या तरी चालेल." तिनं पिशवीतून दोन तारा काढल्या. आदल्या दिवशी मीच वाकवून दिल्या होत्या. त्या पुढे धरून ती चालली आणि कचराकुंडीपाशी थांबली. तारा आत वळून फुली झाली. हशा पिकला. "मनगट नकळत जरासं कललं की तारा आपोआप फिरतात. हवं त्यानं करून बघा." चारपाच जणांनी केलंही. कुणाची फुली स्कूटरपाशी झाली, कुणाची बायकोसमोर.

मग तिनं सोसायटीचा कोरा नकाशा जमिनीवर अंथरला आणि सरलामावशींच्या हातात मोहरीची मूठ दिली. "टाका, मावशी. न बघता."

मावशींनी मोहरी भिरकावली. दाणे सारखे पसरले नाहीत. कुठं घोळके झाले, कुठं मोकळी जागा राहिली.

"आता हा घोळका दिसतो त्याच्याभोवती रेषा काढा. झालं तेजोमंडळ! आंधळेपणानं टाकलेले दाणेसुद्धा कुठं ना कुठं गोळा होतातच. बढत्या, लग्नं, परीक्षा यांचंही तसंच असतं. आधी घोळका बघायचा, मग रेषा काढायची, यात कसली सिद्धी? आणि रेषा अशीच वाकडी का, ते खन्नाजींना विचारा. आतली रिकामी घरं कुणाची आहेत?"

"इन्हीं के हैं!" मागून कुणीतरी ओरडलं. "मुझे तीन दिखाए थे."

खन्ना पुटपुटला, "बिझनेस है जी, बिझनेस." पण महाराज कसलेले होते. त्यांनी माईक हातात घेतला. "भाइयों, ये बहन पढ़ी-लिखी है, सरसों से खेलती है. मैं एक ही बात पूछता हूँ. मंडल के अंदर किसी एक घर का दुःख दिखा दो. एक!"

आतले लोक आतल्यांकडे बघत होते. मला वाटलं, आता संपलं. कोण बोलणार?

मयुरा उठली. ती हिंदीतच बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून. "माझी मुलगी मसुरीला गेलेली नाही. ती कावीळ होऊन घरात पडली होती. महाराजांना माहीत होतं. त्यांनी तिला गटाराशेजारच्या नळाचं पाणी प्यायला सांगितलं आणि मला गप्प बसायला सांगितलं."

"बहन," महाराज दुखावल्यासारखे म्हणाले, "तुमने सबका तेज तोड़ दिया."

"तोडलं," मयुरा म्हणाली. ती बसली नाही. "आता प्रत्येकानं घरी जाऊन आपापल्या पोरांचे डोळे बघा."

मग सरलामावशी उठल्या. मग कोपऱ्यावरच्या घरातली बाई. मग एक पुरुष उठला आणि म्हणाला, माझी बढती झालीच नव्हती, शेजाऱ्याच्या वरचढ दिसावं म्हणून मी पेढे वाटले. एकामागून एक माणसं बोलत गेली. महिनोन्महिने एकमेकांवर जळत बसलेले लोक आता एकमेकांचं ऐकत होते. या गडबडीत महाराज आणि खन्ना गाडीत बसून कधी निघून गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे कळलं, यमुनेपल्याड एका नव्या कॉलनीत महाराज पुन्हा तारा घेऊन फिरतायत.

मागची गल्ली त्याच आठवड्यात खणली. आधी पाणीपुरवठ्याचे अधिकारी म्हणाले, लाइन नवी आहे. ताईनं नकाशा पुढे केला. कुदळी लागल्या तेव्हा खड्ड्याभोवती आतले-बाहेरचे सगळे जमले होते. पिवळ्या टिकल्या जिथं सुरू होत होत्या तिथंच पाइपाचा सांधा उखडलेला निघाला. गटाराचं काळं पाणी त्यात झिरपत होतं. नवा सांधा बसला, पाणी उकळायची सवय लागली, आणि हळूहळू नवीन रुग्ण यायचे थांबले. कादंबरीही बरी झाली.

देवयानीचा मत्सर गेला का? नाही. ती स्वतःच सांगते, मयुराकडे नवीन काही आलं की अजूनही जळफळाट होतो. पण आता ती समोर जाऊन विचारते, "कितीला घेतलंस? आणि हप्ते जातायत का नीट?" बहुतेक वेळा नीट जात नसतात. मग दोघी चहा करतात.

ताईला एकदा मी म्हटलं, तुझ्या भूगोलानं आमचं घर वाचवलं. ती म्हणाली, "भूगोल काय करतो? सगळीकडे सारखाच प्रश्न विचारतो, एवढंच." मला तेवढं पुरतं, आणि वाचकहो, तुम्हालाही पुरावं. जागेजागेत फरक असतात. जमीन वेगळी असते, पाणी वेगळं असतं, पाइप वेगळे असतात. ते फरक शोधून, खणून, तपासून बघता येतात. जो फरक खणू देत नाही, उलट तोंड बंद ठेवायला सांगतो, तो कुणाचा तरी धंदा असतो, आणि त्या धंद्याचं भांडवल तुमचा-माझा मत्सरच असतो. समोरच्या घरात आपल्यापेक्षा जास्त सुख आहे असं वाटायला लागलं, तर तारा घेऊन फिरणाऱ्याला बोलावू नका. गल्ली ओलांडा, दार वाजवा आणि विचारा.